बाळ सुखरूप आहे, आणि बाळंतीण?

दरवर्षी १३ डिसेंबर जवळ आला की स्मिता पाटीलचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. ते बोलके डोळे, 'जैत रे जैत'मधली चिंधी, 'उंबरठा'मधली सुलभा महाजन. खाली बहुतेक एकच ओळ असते, 'अकाली एक्झिट'. कुणी लिहितं, नियतीपुढे कुणाचं काही चालत नाही. कुणी तिला आधीच चाहूल लागली होती, असे किस्से सांगतं.

ती गेली तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरात आणि शेजारपाजारी तेव्हा हेच शब्द ऐकले होते आणि आज इतक्या वर्षांनी तेच वाचते. पण गेली पंचवीसहून जास्त वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस केल्यावर हे शब्द मला पटेनासे झाले आहेत. त्याचं कारण या लेखात सांगायचं आहे.

२८ नोव्हेंबर १९८६ रोजी स्मिताला मुलगा झाला. १३ डिसेंबरला, म्हणजे पंधरा दिवसांनी, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीमुळे ती गेली. वय फक्त ३१. याला वैद्यकशास्त्रात 'अकाली एक्झिट' म्हणत नाहीत. याला मातामृत्यू म्हणतात. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत, त्या गरोदरपणाशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. आपण स्मिताच्या जाण्याची दंतकथा केली, पण त्याकडे मातामृत्यू म्हणून फारसं पाहिलं नाही. ज्याला नियती म्हटलं त्यातून काही शिकायचं नसतं, फक्त हळहळायचं असतं. माझी तक्रार त्या हळहळण्यावरच थांबण्याबद्दल आहे.

न पाहिलेल्या पेशंटचं निदान डॉक्टरने करू नये. म्हणून तिला नेमकं काय झालं, कुणाचं काय चुकलं, यावर मी एक शब्दही लिहिणार नाही. मला बोलायचं आहे ते त्या पंधरा दिवसांबद्दल आणि त्यापुढच्या महिन्याबद्दल. हे दिवस घराघरात येतात.

काय गेलं, ते आधी आठवू या

स्मिता पुण्यात जन्मली. घराणं खानदेशातलं, शिरपूरचं. वडील राजकारणात, आई विद्याताई परिचारिका आणि समाजसेविका. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी ही मुलगी श्याम बेनेगलांच्या नजरेत आली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत 'मंथन', 'भूमिका', 'जैत रे जैत', 'चक्र', 'उंबरठा', 'अर्थ' अशी कामं करून गेली. 'भूमिका' आणि 'चक्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री. फोटोग्राफीचा छंद होता. 'मिर्च मसाला' लोकांनी पाहिला तो ती गेल्यानंतर. तिने पडद्यावर उभ्या केलेल्या बायका झोपडपट्टीतल्या, पाड्यावरच्या, दूध सोसायटीतल्या, घराबाहेर पाऊल टाकणाऱ्या होत्या. त्या बायकांच्या वाट्याला येणारा मृत्यूच तिच्याही वाट्याला आला. नाव, पैसा, मुंबईसारखं शहर, यातलं काहीच आड आलं नाही.

आणि एक बाळ आजी-आजोबांच्या हाती वाढलं.

तीन आया, तीन तारखा

स्मिता एकटी नव्हती. मला नेहमी आठवतात त्या आणखी दोघी.

मेरी वोलस्टनक्राफ्ट ही इंग्लंडमधली लेखिका. बायकांना शिक्षण आणि हक्क मिळायला हवेत हे १७९२ मध्ये पुस्तक लिहून सांगणारी. ३० ऑगस्ट १७९७ ला तिला मुलगी झाली. वार नीट पडली नाही, ती डॉक्टरांनी हाताने तुकड्या-तुकड्यांत काढली. पुढे ताप भरला आणि १० सप्टेंबरला, अकराव्या दिवशी ती गेली. वय ३८. त्या मुलीने पुढे 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिलं.

पॉला मोडरसोन-बेकर ही जर्मन चित्रकार. २ नोव्हेंबर १९०७ ला मुलगी झाली. पाय दुखू लागला, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. २० नोव्हेंबरला उठायची परवानगी मिळाली, ती उठली आणि थोड्याच वेळात कोसळली. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. अठरावा दिवस. वय स्मिताएवढंच, ३१.

अकरा, पंधरा, अठरा. तिन्ही वेळा बाळंतपण 'पार पडलं' होतं. तिन्ही वेळा बाळ जगलं. धोका संपला असं घराला वाटावं, नेमक्या त्या दिवसांत आई गेली.

आपल्याकडे बाळंतपणाच्या दवाखान्याबाहेर थांबलेली मंडळी विचारतात, "काय झालं?" मुलगा किंवा मुलगी कळली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत असं सिस्टरने सांगितलं की "सुटली बिचारी" म्हणून पेढे वाटले जातात. 'सुटली' हाच शब्द घात करतो. बाळंतपणानंतरचे पहिले काही तास आणि दिवस सर्वात जोखमीचे असतात. त्यानंतरही सहा आठवडे धोका कमी होत जातो, पण एकदम संपत नाही.

या सहा आठवड्यांत शरीरात काय चालतं?

गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं. वार जिथे चिकटलेली होती तिथे गर्भाशयाच्या आत तळहाताएवढी जखम उरते. सुमारे किलोभर वजनाचं गर्भाशय सहा आठवड्यांत आकसून शंभर ग्रॅमच्या आत येतं. बाळंतपणात रक्त वाहून जाऊ नये म्हणून निसर्गाने रक्त लवकर गोठण्याची सोय केलेली असते. ती सोय पुढचे काही आठवडे तशीच राहते. सूज उतरताना अंगातलं पाणी रक्तात परत येतं, त्यामुळे हृदयावर ताण पडतो आणि ब्लड प्रेशर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वात जास्त चढू शकतं.

म्हणजे बाहेरून पाहिलं तर बाई बाळाला मांडीवर घेऊन शांत बसलेली असते. आत मात्र एक मोठी जखम, घट्ट होऊ पाहणारं रक्त आणि दमलेलं हृदय, अशी तिहेरी कसरत चालू असते. यातून धोके येतात ते मुख्यतः असे.

*इन्फेक्शन.* गर्भाशयातलं, सिझेरियनच्या किंवा खालच्या टाक्यांचं, लघवीचं, स्तनाचं. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये तिथे शंभरातल्या सुमारे अठरा बाळंतिणी मरत होत्या, जूनमध्ये दोन. त्या काळात त्यांना हसले, आज आपण त्यावर उभे आहोत. पण इन्फेक्शन संपलेलं नाही. ते रक्तात पसरलं की त्याला सेप्सिस म्हणतात, आणि सेप्सिस काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो.

*रक्तस्राव.* पहिल्या चोवीस तासांत जास्त, पण वारेचा तुकडा आत राहिला किंवा इन्फेक्शन झालं तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थोडासा स्रावही भारी पडतो.

*ब्लड प्रेशर.* गरोदरपणात बीपी अगदी नॉर्मल होतं, तरी ते बाळंतपणानंतर चढू शकतं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, आणि मग झटका.

*गुठळी.* पायात होते, तिथून फुप्फुसात जाते. कधी मेंदूच्या शिरेत होते. तेव्हा जबरदस्त डोकेदुखी, उलट्या, फिट किंवा एका बाजूची ताकद जाणं अशी लक्षणं दिसतात.

*हृदय.* क्वचित काही बायकांचं हृदय गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत कधीही अशक्त होऊ शकतं. आडवं झालं की धाप लागते, उशा वाढवाव्या लागतात. घरचे म्हणतात, जागरणाने दमली.

*मन.* रडू येणं पहिल्या आठवड्यात पुष्कळजणींना होतं आणि जातं. ते दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप उडाली, बाळाकडे बघवेना, 'मी नसते तर बरं' असे विचार आले, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. ती असंबद्ध बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, तर ती त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची गोष्ट आहे. याही कारणाने आया जातात, आणि त्याबद्दल तर आपण बोलतही नाही.

आजीचं काय ठेवायचं, काय सोडायचं

सव्वा महिन्याची आपली पद्धत मुळात शहाणी आहे. बाळंतिणीला माहेर, कामातून सुट्टी, अंगाला तेल, गरम पाणी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि भोवती चार मायेची माणसं. सव्वा महिना म्हणजे साधारण चाळीस दिवस. डॉक्टरांचे ४२ दिवस आणि आजीचे दिवस जवळजवळ एकच आहेत, ही गंमत पाहा. हे दिवस वेगळे आहेत, हे आजीला डॉक्टरांच्या आधी कळलेलं होतं.

पण त्यातल्या काही गोष्टी सोडायलाच हव्यात. "पाणी कमी पी, पोट सुटेल" ही त्यातली पहिली. पाजणाऱ्या आईला पाणी जास्त लागतं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्ताची गुठळी व्हायला मदत होते. दुसरी, दिवसभर बाजेवरून उठू न देणं. विश्रांती म्हणजे कामातून सुटका, खिळून पडणं नव्हे. नॉर्मल बाळंतपणानंतर काही तासांत, सिझेरियननंतरही साधारण चोवीस तासांच्या आत, डॉक्टरांना विचारून तिने खोलीत चालायला हवं. पॉलाची गोष्ट विसरू नका. पाय सुजला, दुखला तर मात्र चोळू नका, आधी दाखवा. तिसरी, कोंडलेली खोली आणि शेगडीचा धूर. तो आई आणि बाळ दोघांनाही वाईट. आणि चौथी, फक्त तूप-भात. डाळी, भाज्या, फळं, दूध, खात असेल तर अंडी-मासे, सगळं द्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही चालू ठेवायच्या असतात, त्या कपाटात जातात.

'अंगावर काढणं' थांबवा

माझ्या ओपीडीत दिसणारं एक दृश्य सांगते. बाळाला आणतात तेव्हा फाइल नीट प्लास्टिकमध्ये, लसीकरणाचं कार्ड, वजनाचा तक्ता, सोबत तीन मोठी माणसं. बाळाला दिवसभरात किती वेळा शी झाली हे सगळ्यांना पाठ असतं. आईला ताप कधीपासून आहे, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. ती स्वतः म्हणते, "मला काय होतंय, बाळाला बघा."

तिच्या तापाला घरात नावं तयार असतात. दूध भरलंय म्हणून ताप. गारठा बाधला. दृष्ट लागली. धाप लागली तर अशक्तपणा. डोकं दुखलं तर झोप नाही म्हणून. मग फोनवर विचारून पॅरासिटामॉल. माझं मत स्पष्ट आहे. बाळंतिणीचा ताप फोनवर बघायचा नसतो. दूध भरल्याने अंग किंचित कोमट होऊ शकतं, पण ते ठरवायचं तपासून. आणि "औषध घेतलं तर दुधातून बाळाला जाईल" या भीतीने उपचार टाळू नका. पाजणाऱ्या आईला देता येतील अशी कितीतरी अँटिबायोटिक्स आणि बीपीच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांना फक्त सांगा, "मी पाजते."

ही यादी फ्रिजवर लावा

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, दवाखाना गाठा:

- १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणं
- तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, मोठ्या गाठी पडणं, किंवा कमी झालेला स्राव पुन्हा लालभडक होणं
- अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, ओटीपोटात वाढतं दुखणं
- टाक्यांतून पू, टाक्यांभोवती लाली आणि सूज
- न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, फिट
- एका पायाला सूज, पोटरीत दुखणं
- धाप, छातीत दुखणं, आडवं न झोपवणं
- नाडी किंवा श्वास फार जलद, हातपाय गार, लघवी कमी, बोलण्यात गोंधळ (ताप नसला तरीही)
- स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटणं

आणि एक युक्ती कायम लक्षात ठेवा. कुठल्याही डॉक्टरकडे, कॅज्युअल्टीत, अगदी दातांच्या दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य हेच बोला: "हिचं बाळंतपण अमुक तारखेला झालं आहे." बाळ घरी ठेवून ती एकटी आली असेल तर समोरच्याला ते दिसत नाही. त्या एका वाक्याने आमची विचार करण्याची दिशाच बदलते. साधी धाप मग साधी राहत नाही.

यंत्रणा आहे, ती वापरा

बाळंतपणानंतर आईची तपासणी पहिल्या चोवीस तासांत, मग दोन-तीन दिवसांनी, मग दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना दारातून "सगळं ठीक आहे" म्हणून परत पाठवू नका. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतिणीला ४२ दिवसांपर्यंत औषधं, तपासण्या, गरज पडल्यास रक्त आणि वाहन मोफत आहे. तातडीला १०८ आहेच. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे.

या सगळ्याचा उपयोग होतो. २००१-०३ च्या नमुना नोंदणीनुसार देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला; महाराष्ट्रात तो ३३ होता. हे नियतीने केलं नाही. रक्तपेढ्यांनी केलं, अँटिबायोटिक्सनी केलं, सिस्टर, आशाताई आणि रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनी केलं, वेळेवर दवाखान्यात नेणाऱ्या घरांनी केलं. जे कमी करता येतं, त्याला नियती म्हणायचं नाही.

आमच्या व्यवसायाकडूनही माझी एक मागणी आहे. डिस्चार्ज देताना बाळाच्या लसींची तारीख जितक्या ठळकपणे लिहून देतो, तितक्याच ठळकपणे आईच्या बीपी तपासणीची तारीख लिहून द्यायला हवी, आणि वरची यादी तिच्या नवऱ्याला आणि सासू-आईला तोंडी समजावून सांगायला हवी. फक्त तिला नको. ती थकलेली असते, आणि स्वतःबद्दल बोलायची तिला सवय लावलेली नसते.

नवरेमंडळींना वेगळं सांगते. डायपर बदलणं तुम्ही शिकलात, छान झालं. आता सव्वा महिना रोज एकदा बायकोच्या कपाळाला हात लावा आणि चार प्रश्न विचारा: ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, डोकं किंवा पाय दुखतोय का, झोप आणि मन कसं आहे. दोन मिनिटं लागतात. घरात बीपीचं मशीन असेल तर पहिले दहा दिवस बीपी बघा. १४० च्या वर किंवा खालचा आकडा ९० च्या वर गेला तर डॉक्टरांना कळवा. १६० किंवा ११० ला पोचला तर वाट बघू नका.

या १३ डिसेंबरला स्मिताचा फोटो जरूर पाठवा. तिच्यासारखी अभिनेत्री विसरायची नसतेच. पण तुमच्या नात्यात, शेजारात, ऑफिसात कुणी नुकती बाळंत झालेली असेल, तर त्या दिवशी तिला फोनही करा. बाळाचं नाव काय ठेवलं, ते कुणासारखं दिसतं, हे नंतर विचारा. आधी विचारा, "तू कशी आहेस?" आणि ती "मी ठीक" म्हणाली, की पुन्हा एकदा विचारा.